ऑन्टारिओत स्टुडंट काउन्सेलर: सांगलीच्या ताईंना उत्तर

तुम्ही विचारलंय की एम. ए. सायकॉलॉजी झालंय, सांगलीत सीबीएसई शाळेत काउन्सेलर आहे, कॅनडात ऑन्टारिओला आले तर हेच काम मिळेल का. ताई, अगदी हेच नाही मिळणार. तिकडे तुम्ही एकट्या दहावीच्या पोराला स्ट्रीम निवडून देता, परीक्षेच्या धास्तीने रडणाऱ्या मुलीशी बोलता, वर परदेशी अ‍ॅडमिशनचे फॉर्मही बघता, इकडे ही तीन माणसांची कामं आहेत आणि तिघांचे कागद वेगळे.

शाळेतला गायडन्स काउन्सेलर मुळात शिक्षक असतो. ऑन्टारिओ कॉलेज ऑफ टीचर्स या शिक्षकांना लायसन्स देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट लागतं आणि त्यावर गायडन्सचा १२५ तासांचा कोर्स. काम म्हणजे विषय निवडणं, शाळा संपताना मिळणाऱ्या डिप्लोमाचे ३० क्रेडिट आणि ४० तासांचं समाजकार्य होतंय का बघणं, युनिव्हर्सिटीचे अर्ज. प्रकरण गंभीर वाटलं की सोशल वर्कर किंवा सायकॉलॉजिस्टकडे पाठवायचं.

थेरपी करायची तर सीआरपीओ, म्हणजे इथल्या सायकोथेरपिस्टची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे रजिस्ट्रेशन, त्याला मास्टर्स लेव्हलचं शिक्षण लागतं. म्हणून कुणी एजंट म्हणाला की एक वर्षाचा काउन्सेलिंग डिप्लोमा करा, झालात थेरपिस्ट, तर तिथूनच उठा. तुमची एम. ए. चालेल का हे विषयवार तपासतात, आणि प्रत्यक्ष क्लायंटसोबतची प्रॅक्टिकम (शिकतानाच देखरेखीखाली केलेलं काम) नसेल तर गाडी तिथेच अडते. पूर्ण रजिस्ट्रेशनला क्लायंटसोबतचे ४५० तास आणि १०० तास सुपरव्हिजन, सुपरव्हिजनचे पैसे बऱ्याचदा आपल्याच खिशातून. डिटेल सिलॅबस आत्ताच युनिव्हर्सिटीतून शिक्क्यानिशी काढून ठेवा, नाहीतर नंतर घरच्यांना कोल्हापूरच्या खेपा घालाव्या लागतील.

तिसरं, कॉलेजात इंटरनॅशनल स्टुडंट अ‍ॅडव्हायझर. व्हिसा-परमिटबद्दल सल्ला द्यायला वेगळं लायसन्स लागतं, आणि २०२४ पासून स्टडी परमिटवर कॅप, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा, आल्यावर कॉलेजांनी माणसंच कमी केली, त्यामुळे सध्या याच्या भरवशावर येऊ नका.

आता जे कुठल्याही एजंटला माहीत नसतं ते. आपल्याकडे सेशन संपायच्या आत आई दाराशी उभी, काय म्हणाला हो तो, आणि आपणही थोडंफार सांगून टाकतो, प्रिन्सिपललाही सांगतो. इकडे थेरपीच्या संमतीला वयाची अटच नाही, मूल समजून निर्णय घेऊ शकतंय की नाही एवढंच बघतात, म्हणजे चौदा वर्षांचा मुलगा स्वतः हो म्हणाला तर त्याच्या परवानगीशिवाय आईबापाला काही सांगायचं नाही. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. आणि उलट टोकाला, सोळाच्या आतल्या मुलाला घरी मारहाण होतेय असा रास्त संशय आला तर चिल्ड्रन्स एड सोसायटी या मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या संस्थेला फोन तुम्हीच करायचा, प्रिन्सिपलवर ढकलून मोकळं होता येत नाही. आपल्या लोकांच्या घरचं प्रकरण असलं, ओळखीतून कुणी काकू मध्यस्थीला आल्या, तरीसुद्धा. हे अंगवळणी पडायला मला डिग्रीच्या कागदांपेक्षा जास्त वेळ लागला, खरं सांगते.

तुम्ही बी. एड. झालाय का ते लिहिलं नाहीत. असेल तर शिक्षकाचा रस्ता आधी बघा. नसेल तर मी म्हणेन इथली प्रॅक्टिकमवाली मास्टर्सच करा, महाग आहे पण पुन्हा पुन्हा कागद जोडत बसावं लागत नाही. आणि शाळेकडून अनुभवाचं पत्र घेताना नुसतं ‘काउन्सेलर होत्या’ नको, आठवड्याला वन-टू-वन किती तास आणि कुणाच्या देखरेखीखाली, हे लिहून घ्या.