रात्री अडीचचं लॉगिन

प्रश्न : आमच्या कर सल्लागार कार्यालयात टॅली विंडोज सर्व्हरवर आहे. घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप सुरू ठेवलंय. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये (लॉगिन वगैरेंची आपोआप होणारी नोंदवही) रोज ४६२५ क्रमांकाच्या हजारो नोंदी दिसतात. घाबरावं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) इंटरनेटवर उघडं असलं की पासवर्ड आजमावणारे प्रोग्रॅम दिवसरात्र धडकत राहतात. पोर्टचा नंबर बदलला तरी ते शोधून काढतात. खरी भीती आहे ती त्या हजारोंमागून येणाऱ्या एका ४६२४ची, म्हणजे यशस्वी लॉगिनची. त्यात लॉगऑन टाइप १० (म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून) असेल, वेळ रात्री अडीचची असेल आणि आयपी पत्ता तुमच्यापैकी कुणाचाच नसेल, तर कुणीतरी आत शिरलंय असंच धरून चाला.

पुढच्या खुणाही ठरलेल्या. ४७२० म्हणजे नवा युजर तयार झाला, ४७३२ म्हणजे कुणालातरी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्ससारख्या गटात घातलं, ११०२ म्हणजे लॉगच पुसला. नवी सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, बसली की ७०४५ येतो. तो मात्र सिस्टिम लॉगमध्ये बघा, अनेकजण सिक्युरिटीत शोधत बसतात. यातलं काही तुमच्यापैकी कुणी केलेलं नसेल तर लगेच नेटवर्कची केबल काढा. मशीन बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. सिक्युरिटी लॉगची मर्यादा मुळात फक्त २० एमबी असते. असा मारा सुरू असला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात आणि नेमकी हवी ती नोंद गेलेली असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (लॉग बघायचं विंडोजचं साधन) सिक्युरिटीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये मर्यादा १०४८५७६ केबी, म्हणजे १ जीबी करा. रोज लॉगची एक प्रत दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या, आणि तिथला पासवर्ड वेगळा ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं.

रोज लॉग वाचणं कुणालाच जमत नाही. ४७२०, ४७३२, ११०२ आणि ७०४५ या चार नोंदींना विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून मेल पाठवणारी पॉवरशेल स्क्रिप्ट (विंडोजला द्यायच्या आज्ञांची छोटी फाइल) जोडा, म्हणजे मोबाइलवर मेल येईल. ४६२५ला जोडू नका, मेलच्या पुरात कामाची सूचना बुडेल.

आणि ३३८९ आजच राउटरवर बंद करा. घरून यायचं ते व्हीपीएनमधून, म्हणजे कार्यालयापर्यंतच्या खासगी, सुरक्षित जोडणीतून. मग दिवसाला दहा ४६२५ दिसले तरी त्यातला प्रत्येक तपासता येईल.