स्कॉटलंडमध्ये किल्ल्याच्या इस्टेटीवरच्या कॉटेजमध्ये राहावं की हॉटेलात? सोबत सासू-सासरे आहेत, सगळे शाकाहारी.

कॉटेज. हॉटेलात सकाळी टोस्ट नि बीन्स, रात्री मशरूम रिसोटो, दुसऱ्या दिवशी पुन्हा मशरूम रिसोटो, आणि तिसऱ्या दिवशी सासूबाई खोलीत बसून खाकरा खाणार.

इतकं ठामपणे सांगतेय, कारण याच विषयावरून आमच्या घरी माझी टिंगल अजून संपलेली नाही. "स्कॉटलंडला जाऊन काय केलंत? पिठलं-भात!" हे जाऊबाईंचं पेटंट वाक्य. बारशाला म्हणतात, मुंजीला म्हणतात, फॅमिली ग्रुपवर तर दर दिवाळीला. तर ते पिठलं काय होतं ते एकदा सांगूनच टाकते.

2023 च्या जूनमध्ये आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगहून गाडीने स्कॉटलंडमधल्या एअरशरच्या किनाऱ्यावर गेलो. इस्टेटीचं नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत. पूर्वीचं फाटकावरच्या रखवालदाराचं घर. बाहेरून चित्रासारखं, आत जिना इतका उभा की सासऱ्यांनी एकदा वर बघितलं आणि आठवडाभर खाली सोफ्यावरच झोपले. मी घरून ॲल्युमिनियमचा कुकर नेलेला. तिथे इंडक्शन. ते त्याला ओळखच देईना. मग भात पातेल्यात लावला आणि तव्यात पिठल्याची फोडणी घातली. मोहरी तडतडली, हिंग, लसूण, मिरची पडली, आणि दिवाणखान्यातला भोंगा सुरू झाला. पाठोपाठ वरच्या मजल्यावरचाही. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी 2022 पासून घरातले सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले असावे लागतात, एक ओरडला की सगळे ओरडतात. नवरा खुर्चीवर चढून टॉवेल हलवतोय, खिडकी रंगाने चिकटलेली, आणि सासूबाई "अगं, गॅस बंद कर आधी!" गॅस होता कुठे? स्वयंपाकघराचं दार लावायचं एवढंच करायचं होतं. तिथे धुराचा नाही, उष्णतेचा अलार्म असतो, तो फोडणीला बधत नाही. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पण रात्री साडेनऊला लख्ख उजेडात, समोर समुद्रात आयल्सा क्रेगचा गोल डोंगर (बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंग खेळाचे दगड ज्याच्या ग्रॅनाइटचे करतात तो), ताटात पिठलं आणि कच्चा कांदा. सासरे जेवून उठले, चहा घेतला आणि विचारलं, "इथलं पाणी वेगळं आहे का गं? चहाला चव आली." खरंच वेगळं आहे. स्कॉटलंडचं पाणी मऊ, कमी क्षारांचं; आमच्या रेडिंगचं जड, क्षारांनी भरलेलं. आमच्याकडे चहावर साय येते नि डाळ शिजता शिजत नाही. हॉटेलात हे कोणाला कळलं असतं?

दुसऱ्या दिवशी कलेन कासल (Culzean) हा किल्ला बघितला. स्पेलिंगमध्ये झेड आहे, तो गिळायचा. वास्तुविशारद रॉबर्ट ॲडमने 1777 ते 1792 मध्ये जुन्या गढीभोवती कॅसिलिसच्या अर्लसाठी, म्हणजे तिथल्या उमरावासाठी, बांधलेला. सासरे सिंधुदुर्ग-विजयदुर्ग पायी फिरलेले. लंबगोल जिना बघून खूश झाले, पण बाहेर येऊन निकाल दिला: "हा किल्ला नाही, वाडा आहे. तोफा शोभेच्या." मला पटलं. 1945 मध्ये मालकांनी तो नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेला देताना वरचा मजला अमेरिकन सेनापती आयझेनहॉवरसाठी राखला होता. तो चारदा येऊन राहिला, एकदा तर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष असताना. पुढे तिथे पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या. जाऊबाईंना तिथेच शोभलं असतं.

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. जाहिरातीत लायसन्स नंबर बघा. अल्पमुदतीच्या भाड्याला तिथे आता तो सक्तीचा आहे. उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी पूर्ण आठवडाच घ्यावा लागतो. खाली झोपायची खोली आणि खालीच बाथरूम आहे का, हे फोटोवरून ठरवू नका, मेल करून विचारा. फक्त रानावनात फिरायचं असेल तर इस्टेटीवर राहायचीही गरज नाही. 2003 च्या कायद्याने तिथे कोणाच्याही जमिनीवर नीट वागून चालता येतं, घराची बाग, उभं पीक वगैरे सोडून. डाळी-पिठं घरून न्या. गावातल्या दुकानात बेसन शोधू नका, मी शोधलंय.

आता जाऊबाईंची एक बाजू, नाइलाजाने. त्या सात दिवसांत भांडी पाच दिवस मी घासली, एक दिवस सासूबाईंनी, आणि शेवटच्या दिवशी नवऱ्याने, तेही चेक-आउटला सकाळी दहाची वेळ होती म्हणून. सुट्टीतही ओट्याशी एकटीच उभी राहणार असाल तर त्या म्हणतात ते बरोबर आहे. तेव्हा बुकिंगआधी नवऱ्याला विचारा, भांडी कोण? "बघू" म्हणाला तर हॉटेल घ्या, आणि रिसोटो खा.

पण पिठल्याला नावं ठेवायची नाहीत. जाऊबाई, हे वाचत असाल तर, त्या रात्रीचा फोटो ग्रुपवर मीच टाकला होता आणि पहिला "तोंडाला पाणी सुटलं" तुमचाच होता.