डाळिंबाच्या सालीची पावडर आणि मेंदूतले नॅनोकण

ताई, तुमचा भाऊ एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेस हाउसमध्ये कलर किचनला, म्हणजे रंग कालवतात त्या विभागात आहे, टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर हाताळतो. हल्ली त्याचं डोकं दुखतं, विसरायलाही होतं. डाळिंबाच्या सालीच्या अर्कानं उंदरांचा मेंदू नॅनोकणांपासून वाचला असं वाचून तुम्ही त्याला घरी केलेली सालीची पावडर द्यायच्या विचारात आहात. औषधशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून स्पष्टच सांगतो: पावडर राहू द्या, आधी मास्क आणा.

असे प्रयोग खोटे नसतात. नॅनोकण, म्हणजे १०० नॅनोमीटरहून बारीक कण, पेशीत शिरले की ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, म्हणजे पेशीला जाळणाऱ्या ठिणग्यांसारखे रेणू वाढतात. मेंदूला प्राणवायू भरपूर लागतो, त्यात चरबीही भरपूर, त्यामुळे तिथं इजा लवकर होते. मग मॅलॉनडायअल्डिहाइड (चरबीला इजा झाल्याची खूण) वाढतं, ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं संरक्षक द्रव्य) घटतं आणि अर्क दिलेल्या गटात दोन्ही बरंचसं जागेवर येतं. पण हळद घ्या, शेवगा घ्या, ग्रीन टी घ्या, आलेख साधारण असाच निघतो. मला खटकतं ते हेच. शिवाय अर्क बहुतेक वेळा कणांच्या आधीपासून किंवा बरोबरीनं दिलेला असतो. तो ठिणग्या विझवतो, कण बाहेर काढत नाही. टायटॅनियम डायऑक्साइड शरीरात विरघळतही नाही.

डोसही बघा. समजा उंदराला किलोमागे ३०० मिलिग्रॅम कण रोज पाजले. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराचा (रॅटचा) डोस माणसाला लावताना ६.२ नं भागायची पद्धत आहे. ६० किलोच्या माणसाला तो जवळपास ३ ग्रॅम होतो, तोही रोज आणि पोटात. तुमच्या भावाच्या तर नाकात धूळ जाते. नाकातून वासाच्या नसेवाटे कण मेंदूपर्यंत पोचल्याचं प्राण्यांत दिसलंय, त्यामुळे काळजी अनाठायी नाही. फक्त उपाय चुकतोय.

आता साल. सालीत रसापेक्षा पॉलिफेनॉल (ठिणग्या विझवणारी वनस्पतीतली द्रव्यं) जास्त, हे खरं. पण त्यातलं प्युनिकॅलॅजिन जसंच्या तसं रक्तात फारसं जात नाही. आतड्यातले जिवाणू त्यापासून युरोलिथिन बनवतात, आणि ते सगळ्यांच्याच पोटात बनत नाही. दुसरं, आपल्याकडच्या बागांत डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी किती फवारण्या होतात ते सांगोला-पंढरपूरकडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. तांबं, बुरशीनाशकं, सगळं सालीवरच बसतं. ती साल वाळवून चमचा चमचा खायची? दाणे खा की, भगवा वाण मस्त असतो.

हळद-मिरीच्या कॅप्सूलबद्दलही विचारलंय. मिरीतलं पायपेरीन हळद जास्त शोषू देतं, तसंच फिटच्या फेनिटॉइनसारख्या औषधाचं रक्तातलं प्रमाणही वाढवतं. भाऊ कुठलीही गोळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. जेवणातल्या हळदीला कुणाची ना नाही.

मास्क मात्र एन-९५च हवा. फडक्यानं काही होत नाही. इतके बारीक कण गाळणीतून आरपार जातील असं वाटतं, पण ते हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि तंतूंना चिकटतात. दाढी असेल तर मात्र कडेनं हवा शिरते आणि मास्क असून नसल्यासारखा. मे महिन्यात सोलापुरात तो तासभर लावणंसुद्धा शिक्षा आहे, कबूल. म्हणून निदान पोतं ड्रममध्ये रिकामं करताना तरी हवाच, कारण पांढरा लोट उठतो तो तेव्हाच. सुट्टी झाल्यावर कॉम्प्रेसरच्या पाइपनं अंगावरचे कपडे झाडायची सवय असेल तर ती आजच बंद करा. बसलेली धूळ पुन्हा नाकासमोर येते. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसायची.

आणि डोकेदुखीचं खापर लगेच नॅनोकणांवर फोडू नका. पोत्यातली पावडर नॅनो आकाराची आहे की साधी रंगाची, हेही माहीत नाही. रंगाची पावडर सहसा जाडच असते. प्रिंटिंगच्या पेस्टमध्ये टर्पेंटाइन असेल तर त्याच्या वाफेनंही डोकं धरतं. रात्रपाळी, बीपी, बी-१२, थायरॉइड, हे आधी तपासा. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर तिथंच दाखवा आणि डॉक्टरांना काम काय करतो ते नीट सांगा. पोत्यावरच्या लेबलचा फोटो इथं टाका, म्हणजे आत नेमकं काय आहे ते बघता येईल.