आजोबांची टॅप-डायची पेटी हाती आली असेल तर

पेटी भंगारात दिली नाहीत, हे उत्तम केलंत! टॅप भोकाच्या आत आटे पाडतो, डाय सळईवर बाहेरून. पण लगेच लोखंडात टॅप घालू नका. आधी प्रत्येक टॅपच्या दांड्यावरची अक्षरं वाचा. गंज असेल तर रॉकेल आणि पितळी ब्रश. पॉलिश पेपर घासलात तर धारही जाईल आणि अक्षरंही.

‘१/२ बीएसडब्ल्यू’ म्हणजे अर्धा इंची व्हिटवर्थ, आट्यांचं जुनं ब्रिटिश माप: इंचाला १२ आटे, आट्याचा कोन ५५ अंश. यूएनसी या अमेरिकन मापात याच जाडीला १३ आटे, कोन ६० अंश. त्यामुळे एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर दोनेक फेरे जातो आणि अडकतो. नवशिके नेमके इथेच पान्याने जोर लावतात. अक्षरं पुसली असतील तर पिच गेज (आटे मोजायच्या दातेरी पट्ट्या) आट्यांत बसवून उजेडासमोर धरा. फट दिसली की ते माप नव्हे.

सुरुवातीला एवढंच पाळा:

- भोक आधी बरोबर पाडा. एम६ × १ साठी, म्हणजे ६ मिमी जाडी आणि दोन आट्यांत १ मिमी अंतर असेल तर, ५ मिमीचं ड्रिल.
- टॅप काटकोनात उभा आहे ना, ते गुण्या लावून बघा. पहिले दोन फेरे वाकडे गेले की पुढे सरळ होत नाहीत.
- तेल सोडत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. बीड (ओतीव लोखंड) मात्र कोरडंच.

‘एचएसएस’ (हाय स्पीड स्टील) लिहिलेलं नसेल तर टॅप कार्बन स्टीलचा, म्हणजे ठिसूळ, असंच समजा. माझा पहिला टॅप ‘अजून जरासं’ म्हणता म्हणता भोकातच मोडला. हाताला चिवट लागलं की उलटा फिरवून बाहेर काढा, किस झटका.

डायचं नंतर बघू.