व्हॉल्व्ह फ्लोट: झडप 'तरंगते' का?

प्रश्न असा आहे: मोटारीच्या इंजिनाबद्दल मराठीत लिहिताना 'व्हॉल्व्ह फ्लोट'ला (इंजिन फार वेगाने फिरलं की झडप वेळेवर मिटत नाही, त्या बिघाडाला) 'झडप तरंगणे' म्हटलेलं चालेल का?

मला तरी खटकतं. एक तर 'फ्लोट व्हॉल्व्ह' हे वेगळंच प्रकरण आहे. गच्चीवरच्या टाकीत गोळा वर आला की पाणी बंद होतं, तो. कार्ब्युरेटरमध्येही पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतोच. 'तरंगती झडप' वाचली की वाचक थेट टाकीपाशी पोचणार.

दुसरं म्हणजे, तरंगणाऱ्या वस्तूला खालून आधार असतो. इथे नेमका आधारच सुटतो. कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, म्हणजे कॅम, झडप उघडतो, पण मिटण्याचं काम स्प्रिंगचं. उंचवटा उतरताना टॅपेट (कॅम आणि झडप यांच्यामधला दट्ट्या) कॅमला चिकटून राहिला पाहिजे, तोही स्प्रिंगच्याच जोरावर. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) ६००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांवर, असेल तर कॅम त्याच्या निम्म्याने, ३००० वर फिरतो. म्हणजे एकेक झडप सेकंदाला ५० वेळा उघडते-मिटते. वेग दुप्पट झाला की झडपेला माघारी वळवायला चौपट बळ लागतं. स्प्रिंगचा जोर मात्र आहे तेवढाच. मग एका टप्प्याला टॅपेट कॅमला सोडतो आणि झडप ना कॅमच्या ताब्यात, ना आपल्या बैठकीवर (मिटल्यावर टेकते त्या जागी). याला आपल्याकडे आयता शब्द आहे: अधांतरी. म्हणून 'झडप अधांतरी राहणे' असं मी सुचवेन.

'झडप उसळणे' हा शब्द राखून ठेवावा. झडप बैठकीवर आपटून पुन्हा उडते, त्या 'बाउन्स'साठी तो लागेल. दोन्ही प्रकार बहुतेक वेळा जोडीनेच येतात, पण एकच नव्हेत.

अशा वेळी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटतं, ताकद पडते, आणि जिथे जागा कमी असते तिथे वर येणारा पिस्टन झडपेला गाठतो. गॅरेजात मग 'वॉल (व्हॉल्व्ह) बेंड झाले' एवढंच ऐकू येतं.

उपाय म्हणजे जाड स्प्रिंग (पण त्याने कॅमची झीज वाढते), एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगा, टायटॅनियमची हलकी झडप, रेव्ह लिमिटर (इंजिनाचा वेग मर्यादेपुढे जाऊ न देणारी यंत्रणा). लिमिटरवर फार विसंबू नये. तो इंधन किंवा ठिणगी तोडतो; पण पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर चाकंच इंजिनाला गरगरा फिरवतात, तिथे तो काय करणार?

काहींनी स्प्रिंगच काढून टाकली. मर्सिडीजच्या १९५४ च्या डब्ल्यू १९६ रेसिंग कारमध्ये आणि डुकाटीच्या अनेक मोटरसायकलींत झडप मिटायलाही कॅमच असतो. रेनोने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात स्प्रिंगच्या जागी दाबाखालचा वायू वापरला.

लेखात पहिल्यांदा 'व्हॉल्व्ह फ्लोट, म्हणजे झडप अधांतरी राहणे' असं लिहून पुढे नुसतं मराठी चालवा. मेकॅनिकशी बोलताना मात्र 'वॉल'च म्हणा; 'झडप' म्हटलंत तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल.