गावातली पोरं वाया जाऊ नयेत म्हणून मंडळाने काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पारोळा तालुक्यातलं गाव, पंधरा ते वीस वयाची पंधरा-सोळा पोरं रात्री बारापर्यंत पुलावर बसतात, मोबाइलवर पैसे लावतात, मागच्या महिन्यात त्यातले दोघं मोटारसायकल चोरीत सापडले. गणेश मंडळाकडे दीड लाख शिल्लक आहे. त्यातून व्यायामशाळा बांधावी, की पोलीस अधिकाऱ्यांना बोलावून पोरांना चांगला धाक भरावा?

दोन्ही नका करू भाऊ, निदान आधी तरी नका. मी चाळीसगाव तालुक्यातली. अठरा वर्षं बचत गटांचं काम केलं, त्यातली शेवटची नऊ वर्षं गावातल्या पोरांमागे फिरण्यात गेली. चुका पुष्कळ झाल्या. त्याच आधी सांगते.

व्यायामशाळा आमच्या गावात आहे. पत्र्याचं छत, लोखंडी दार, दारावर निधी देणाऱ्याचं नाव. आत आज कांद्याच्या गोण्या आहेत. पहिले चार महिने पोरं गेली, मग डंबेलची जोडी गायब झाली, मग चावी कोणाकडे राहील यावरून भाऊबंदकी निघाली, आणि शेवटी कुलूप लागलं. इमारतीला पैसा मिळतो. पण रोज संध्याकाळी सातला ती उघडून दहापर्यंत तिथे बसून राहील अशा माणसाला पाच रुपये द्यायचे म्हटले की सगळ्यांचे हात आखडतात. तुमचे दीड लाख त्या माणसावर लावा.

आता धाकाचं. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात पोरांना आत नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दमदाटी करवायचा कार्यक्रम निघाला. तो इतका गाजला की ठिकठिकाणी त्याची नक्कल झाली. पुढे अभ्यासकांनी अशा कार्यक्रमांची नीट तपासणी केली, काही पोरांना नेलं, तशाच दुसऱ्या पोरांना नेलं नाही, आणि सगळे निकाल एकत्र मांडले. तुरुंग पाहून आलेली पोरं न पाहिलेल्यांपेक्षा जास्त गुन्ह्यांत सापडली. आपल्याकडे साहेब येतात, तासभर बोलतात, नारळ-शाल होते. पुलावरची पोरं एक तर येत नाहीत, नाहीतर मागे बसून रील काढतात.

माझी स्वतःची मोठी चूक वेगळीच होती. गावातली नऊ 'बिघडलेली' पोरं निवडली आणि त्यांचं आठ दिवसांचं निवासी शिबिर घेतलं. योगासनं, व्यसनमुक्तीवर व्याख्यान, श्रमदान, सगळं रीतसर. शिबिराआधी ही पोरं तीन वेगवेगळ्या टोळक्यांत होती. शिबिरानंतर एकच टोळकं झालं. चौदा वर्षांचा एक जण आमच्याच शिबिरात गुटखा लावायला शिकला. त्याची आई नंतर मला म्हणाली, "ताई, तुमच्याकडे पाठवला नसता तर बरं झालं असतं." मी काही बोलले नाही. काय बोलणार?

पुढे एका प्रशिक्षणात कळलं की ही चूक माझ्याआधी शहाण्या लोकांनीही केलेली आहे. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली ५०६ मुलगे घेऊन एक प्रयोग सुरू झाला. निम्म्यांना कित्येक वर्षं मदत: घरी भेटी, शिकवणी, दवाखाना, उन्हाळी शिबिरं. निम्म्यांना काहीच नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी त्या सगळ्यांचा माग काढला. मदत मिळालेल्यांचं काही चांगलं झालेलं दिसलं नाही, उलट काही बाबतींत त्यांचीच अवस्था वाईट होती, आणि उन्हाळी शिबिरांना पुन्हा पुन्हा गेलेल्यांची सर्वांत वाईट. ज्यांनी मदत केली ती माणसं मनापासून करणारी होती, हे लक्षात घ्या. म्हणून मंडळाच्या बैठकीत 'वाया गेलेल्या पोरांची यादी' कोणी काढली तर ती तिथेच फाडा.

मग केलं काय? जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा मागून घेतला, दोन बल्ब लावले. संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ, वर्षाचे बाराही महिने, दिवाळीचे चार दिवस सोडून. कोणीही या. दहावीची मुलगी या, पुलावरचा पोऱ्या या, सरपंचांचा मुलगा या. एका कोपऱ्यात अभ्यास, पटांगणात कबड्डी. आमची खरी लॉटरी म्हणजे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. तुमच्याकडेही असतील, पहाटे रस्त्याने १६०० मीटर मारणारी, गोळाफेकीचा सराव करणारी. लहान पोरांना साहेबाचं ऐकायचं नसतं, पण ज्याची छाती भरतीत बसली त्याचं ऐकायचं असतं. दोन भरतीवाल्यांना आम्ही महिन्याला थोडं मानधन दिलं. काम एवढंच की रोज हजर राहायचं आणि कोण आलं नाही ते पाहायचं. भाषण बंद. कोणी तीन दिवस दिसला नाही तर चौथ्या दिवशी घरी जाऊन विचारायचं, "जेवना का रे?" म्हणजे जेवलास का. बस, एवढंच.

ही रीत खान्देशाला काही नवी नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत होते, छात्रालय सांभाळायचे. मुलांनी खोली आवरली नाही तर स्वतः झाडून घ्यायचे, पसरलेल्या कपड्यांच्या घड्या करून ठेवायचे, आणि मुलांसाठी हाताने लिहून रोजचं पत्र काढायचे. आपण त्यांचे पुतळे उभारतो. संध्याकाळी झाडू घेऊन बसायला मात्र माणूस मिळत नाही.

आइसलँडचंही सांगून टाकते, कारण आकडे पटणारे आहेत. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांत महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली ४२ टक्के होती, २०१६ मध्ये ५ टक्के. त्यांनी तीन गोष्टी एकदम केल्या. प्रत्येक पोरासाठी संध्याकाळचा खेळ किंवा वाद्य, त्याच्या फीसाठी घराला पैसे, आणि रात्री किती वाजता घरी यायचं हे गल्लीतल्या आईबापांनी मिळून ठरवणं. हे तिसरं आम्ही जसंच्या तसं उचललं. एकटी आई 'दहाला घरी ये' म्हणाली की पोरगा म्हणतो, बाकीच्यांचे आईबाप नाही म्हणत. पूर्ण गल्ली दहा म्हणाली की वाद मिटतो. आमच्या गल्लीत हे कानबाईच्या रोटांना, म्हणजे आपल्या श्रावणातल्या सणाला, सगळे जमले तेव्हा ठरलं. बैठक बोलावली असती तर कोणी आलं नसतं.

आता घराकडे या, कारण पुलावरचा पोरगा पुलावर का बसतो याचं उत्तर बहुतेक वेळा घरी असतं. आमच्याकडे दिवाळी झाली की कोयते ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) आधीच खाल्लेली, मग चार-पाच महिने साखर कारखान्यावर. मागे पोरगा आणि म्हातारी आजी. आजीला दिसत नाही, पोरगा सोळाचा, घरात विचारणारं कोणी नाही. या पोरांना समुपदेशन काय करणार? त्यांना रात्रीचं जेवण आणि हाक मारणारं माणूस लागतं. लहानग्यांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय शासनाच्या योजनेत आहे, मुख्याध्यापकांनी पटावरच्या मुलांची यादी वेळेत पाठवली तर. मोठ्या पोरांसाठी आम्ही शेजारच्या तीन घरांत वाटून घेतलं: सोमवार-मंगळवार या घरी ताट, पुढचे दोन दिवस त्या घरी. बचत गटाने पिठाचा खर्च उचलला.

वडील वारलेले असतील किंवा आई एकटी असेल तर बालसंगोपन योजना बघा. महिन्याला २,२५० रुपये, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची. आमच्या गावात अशी सात मुलं निघाली आणि एकाही आईला हे माहीत नव्हतं. एका घरी तर खाजगी कंपनीचा आठवड्याचा हप्ता फेडण्यासाठी पोरगा शाळा सोडून केळीच्या गाड्या भरायला जात होता. हप्त्याचा प्रश्न गटाने सोडवला तेव्हा तो परत आला. ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून विचारा, ते पैसे कशावर गेले. आमच्याकडे खुर्च्यांवर गेले होते.

तुमच्या त्या दोघांचं. अठराच्या आतला असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, २४ तासांच्या आत मंडळापुढे न्यावं लागतं, आणि जामीन देणं हा नियम आहे, नाकारणं अपवाद. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यालाच भेटा. दोष सिद्ध झाला तरी २०१५ च्या कायद्याने साधारणपणे त्याची पुढची पात्रता जात नाही, हे त्याला नीट सांगा. कारण भरतीचं स्वप्न असलेल्या पोराला 'आता तुझं संपलं' असं गावाने सांगितलं की तो खरोखर संपवतो. जो अठराच्या वर आहे त्याच्यासाठी वकील लागेल. मोफत वकील तालुका विधी सेवा समितीत मिळतो. दोघांनाही कबड्डीतून काढू नका. आमच्याकडे एकाला काढलं होतं, तो परत दिसला तो थेट सुरतेला गेल्यावर.

आणि चोरी का केली ते विचारलंत का? मी पैज लावते (पैजेचीच गोष्ट चाललीय म्हणून), मोबाइलवर हरलेले पैसे फेडायला. आखाजीला (अक्षय तृतीयेला) पैसे लावून पत्ते खेळायची आपल्याकडे जुनी मोकळीक, म्हणून बापही तोंड उघडू शकत नाही. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, तरी लपूनछपून चालतंच. पोराने कोणाकडून किती उसने घेतले ते शांतपणे काढा आणि उसने देणाऱ्याला बापासमोर बसवा. झोप उडालेली असेल, जिवाचं काही बोलत असेल, तर १४४१६ ला फोन लावा. टेलि-मानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. लहान मुलाचा प्रश्न असेल तर १०९८.

मुकादम उचल वाटायला लवकरच फिरायला लागेल. त्याच्या आधी कोणत्या घरातले दोघंही जाणार आणि मागे कोण राहणार, एवढी यादी अंगणवाडीच्या ताईंकडून करून घ्या. ही यादी फाडू नका.