गॅलियम आर्सेनाइडच्या क्वांटम वायरमध्ये (इलेक्ट्रॉन एकाच रेषेत जातील इतक्या अरुंद वाटेत) वाहकता २ई²/एच च्या पूर्ण पटींत, पठारं करत वाढते; पण चुंबकीय क्षेत्र शून्य असतानाही ०.७ ला जादा पायरी दिसते. हा स्पिनचा परिणाम की मोजणीतली गडबड?

आधी मोजणीवर संशय घ्या, स्पिनचा नंबर शेवटी.

दोन टर्मिनलवर मोजताय आणि पहिलं पठार ०.९४ ला येतंय (एकक २ई²/एच; ई म्हणजे इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, एच म्हणजे प्लँकचा स्थिरांक), म्हणजे सिरीजमधला रोध वजा केलेला नाही. आदर्श पहिल्या पठाराचा रोध १२.९०६ किलोओम. काँटॅक्ट, तारा आणि फिल्टर मिळून ८०० ओम असतील, तर पठारं ०.९४, १.७८ आणि २.५३ ला दिसतात. एकच आकडा वजा करून तिन्ही १, २, ३ वर बसायला हवीत. ०.७ ची पायरी १ वर ओढायची तर साडेपाच किलोओम वजा करावे लागतील, आणि मग दुसरं पठार सातच्याही पुढे पळेल. म्हणजे ती पायरी रोधाने आलेली नाही.

मग बायस, म्हणजे वायरच्या दोन टोकांमधला (सोर्स आणि ड्रेन) व्होल्टेज. सोर्स आणि ड्रेनच्या पातळ्यांमध्ये सबबँडची (वायरमधल्या एका ऊर्जापट्ट्याची) कड अडकली की ०.५, १.५ ला खोटी अर्धी पठारं उगवतात. ४.२ केल्विनला केटी (उष्णतेची ऊर्जा) ०.३६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तिथे लॉक-इनचं (बारीक संकेत मोजणाऱ्या यंत्राचं) उत्तेजन १०० मायक्रोव्होल्टच्या आत ठेवा. ३०० मिलिकेल्विनला १० पुरे. करंट प्रीअँपच्या (प्रवाह वाढवून मोजणाऱ्या यंत्राच्या) इनपुटचा डीसी ऑफसेट मात्र सगळे विसरतात. तो काहीशे मायक्रोव्होल्ट असला की सगळी काळजी वाया. बायस दोन्ही बाजूंना फिरवा, आलेख जिथे सममित होतो तो खरा शून्य धरा.

आता अशुद्धी. स्प्लिट गेटच्या (चॅनल दोन्हीकडून दाबणाऱ्या दोन इलेक्ट्रोडच्या) एका बाजूला थोडा जास्त ऋण व्होल्टेज द्या, दुसरीकडे तेवढा कमी करा. चॅनल बाजूला सरकतं. अशुद्धीचा रेझोनन्स जागा बदलतो किंवा नाहीसा होतो, खरी ०.७ टिकते. तापमानही चांगला साक्षीदार आहे: रेझोनन्स थंड केल्यावर टोकदार होतो, ०.७ उलट थोड्या उबेत ठळक होते आणि अगदी खाली नेलं की वर चढून १ मध्ये मिसळते.

एवढं सगळं पार पडलं तरच चुंबक. क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या थराला समांतर हवं. लंब असेल तर लँडाऊ पातळ्या (चुंबकीय क्षेत्रातल्या ठरावीक ऊर्जापातळ्या) सबबँड रिकामे करतात आणि अर्थ लावता येत नाही. ०.७ सलगपणे ०.५ कडे उतरली, तर स्पिनचा हात नक्की. केंब्रिजच्या गटाने १९९६ मध्ये हेच दाखवलं. पण म्हणून शून्य क्षेत्रात इलेक्ट्रॉनचे स्पिन आपणहून एकाच दिशेला वळले (ध्रुवित झाले), असं लगेच लिहू नका. कोंडो परिणाम (अडकलेल्या एका स्पिनशी इतर इलेक्ट्रॉनची जुळणी) आणि सबबँडच्या कडेजवळ वाढणारी अवस्था-घनता हेही दावेदार आहेत, तो वाद मिटलेला नाही.

क्षेत्र किती लागेल? मूळ गॅलियम आर्सेनाइडचा जी-गुणक (क्षेत्राने स्पिनच्या पातळ्या किती दुभंगतात ते सांगणारा आकडा) ०.४४, म्हणजे १० टेस्लाला दोन स्पिनमधली फट जेमतेम ०.२५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. अरुंद चॅनलमध्ये परस्परक्रियेमुळे जी वाढतो, तरी ४.२ केल्विनला ३.५ केटीचं पसरणं, सुमारे १.३, तिला गिळून टाकतं. इंडियम अँटिमोनाइडच्या वायरमध्ये जी ५० च्या आसपास, त्यामुळे १ टेस्लालाच फट २.९ होते आणि द्रव हेलियममध्येही अर्धी पायरी दिसू शकते. तिथे अडचण वेगळी: गेटखालचं चॅनल मीन फ्री पाथपेक्षा (इलेक्ट्रॉन न आदळता जातो त्या सरासरी अंतरापेक्षा) आखूड, साधारण २०० नॅनोमीटर हवं, नाहीतर पठारंच बनत नाहीत.